हजार भारतीय कॅमेऱ्यामागे बसून बिलं करत नव्हते

"अ‍ॅमेझॉनच्या कॅशिअर नसलेल्या दुकानात एआय वगैरे काही नव्हतंच. भारतात हजार माणसं बसून कॅमेऱ्यातून गिऱ्हाईक बघायची आणि बिल करायची. एआय म्हणजे 'अ‍ॅक्चुअली इंडियन्स'. पोल उघडी पडली आणि दुकानं बंद झाली."

एप्रिल २०२४ पासून हा मजकूर या ना त्या रूपात फिरतोय. मला तो मनापासून खुपतो. त्यातली बहुतेक विधानं चुकीची आहेत, आणि ज्या माणसांच्या कामावर हसायला तो सांगतो, ते काम काय असतं हे पुढे पाठवणाऱ्याला माहीत नसतं. म्हणून एकेक विधान घेतो.

"एआय नव्हतंच"

होतं. अमेरिकेतल्या सिएटलमधलं असं पहिलं दुकान, म्हणजे अ‍ॅमेझॉन गो २२ जानेवारी २०१८ रोजी सर्वांसाठी उघडलं. दारात फोनवरचा कोड दाखवायचा, हवं ते उचलायचं आणि चालू पडायचं. वर छतात शेकडो कॅमेरे, फळ्यांमध्ये वजन टिपणारे सेन्सर.

यातली अडचण समजून घ्यायची तर एका फळीसमोर उभं राहून बघा. दोन माणसं खांद्याला खांदा लावून उभी आहेत, दोघांचे हात एकाच वेळी आत गेले. एकानं दह्याचा डबा उचलला, लेबल वाचलं आणि परत ठेवला, पण दोन कप्पे सोडून भलतीकडेच. दुसऱ्यानं दोन डबे एका मुठीत घेतले. कॅमेऱ्याला वरून दिसतात डोकी आणि मनगटं. सेन्सरला कळतं की इथलं वजन कमी झालं, तिथलं वाढलं. कोणी घेतलं, काय घेतलं, किती घेतलं, या तीन प्रश्नांची उत्तरं ही दोन्ही टोकं जुळवून काढायची असतात. हे दुकान आधी २०१७ च्या सुरुवातीला उघडणार होतं. गर्दी झाली की यंत्रणा गोंधळते म्हणून ते लांबलं, अशा बातम्या तेव्हाच आल्या होत्या. एआय नसतं, तर गोंधळलं कोण?

"हजार माणसं लाइव्ह बघून बिल करायची"

हजाराचा आकडा आला 'द इन्फर्मेशन' या अमेरिकी प्रकाशनाच्या बातमीतून. भारतात हजाराहून जास्त माणसं या कामावर असल्याचं त्यात म्हटलं होतं. 'लाइव्ह' हे मात्र फॉरवर्डच्या वाटेत चिकटलं. माणसं तिथल्या तिथे बिल करत असती, तर दाराबाहेर पडताक्षणी पावती हातात आली असती. प्रत्यक्षात ती नंतर यायची, कधी कधी तर काही तासांनी. काम चालायचं ते रेकॉर्ड झालेल्या तुकड्यांवर.

या कामाला अ‍ॅनोटेशन म्हणतात. काही सेकंदांचा तुकडा बघायचा, कुठला हात कुठल्या वस्तूला लागला ते नोंदवायचं. अशा नोंदींवरून मॉडेल, म्हणजे वस्तू ओळखणारा संगणकाचा प्रोग्रॅम, शिकतो, आणि मॉडेलची खात्री नसते तिथे माणूस निर्णय देतो. 'एआय होतं की माणसं होती' हा प्रश्नच त्यामुळे चुकीचा आहे. चित्रं ओळखणाऱ्या यंत्रणांना मोठी चाल देणारा इमेजनेट हा संच २००९ साली पुढे आला, तोही जगभरातल्या हजारो माणसांनी चित्रांवर लेबलं लावून उभा केलेला. ती माणसं मिळाली अ‍ॅमेझॉनच्याच मेकॅनिकल टर्क या, पैसे देऊन माणसांकडून छोटी छोटी कामं करून घेणाऱ्या सेवेतून. लक्ष देऊन, डोळे ताणून केलेलं हे कुशल काम आहे. आपल्याच माणसांनी ते केलं, तर त्यात हसण्यासारखं काय आहे, हे मला खरंच कळत नाही. विचारायचंच असेल तर त्यांना पगार काय मिळत होता ते विचारा.

"हजारातली सातशे बिलं चुकायची"

त्याच बातमीनुसार २०२२ मध्ये दर १००० खरेद्यांपैकी सुमारे ७०० माणसाकडून तपासून घ्याव्या लागत होत्या. कंपनीचं लक्ष्य होतं ५०. तपासणं म्हणजे चुकणं नव्हे. कंपनीनं हा आकडा नाकारला, अगदी थोड्या खरेद्याच तपासल्या जातात असं सांगितलं. पण 'थोड्या' म्हणजे किती, ते सांगितलं नाही. इथे दोष कंपनीचाच. स्वतःचा आकडा टेबलावर ठेवला असता तर अफवेला एवढी जागा मिळाली नसती.

"पोल उघडी पडली म्हणून बंद झाली"

तारखा बघा. आठ अ‍ॅमेझॉन गो बंद करण्याची घोषणा मार्च २०२३ मधली, म्हणजे हा मजकूर फिरायच्या वर्षभर आधीची. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेतल्या 'फ्रेश' या आपल्या मोठ्या किराणा दुकानांतून कंपनीनं ही यंत्रणा काढली, तेव्हा कारण दिलं की गिऱ्हाइकांना खरेदी चालू असतानाच पावती आणि बचत बघायची असते. मला हे कारण पटतं. एक सँडविच उचलणाऱ्याला रक्कम आधीच ठाऊक असते; आठवड्याचा किराणा भरणारा मात्र मनात सतत बेरीज करत असतो. शिवाय २०२० मध्ये उघडलेल्या मोठ्या गो ग्रोसरीत भाजी-फळं वजनावर न विकता नगावर विकावी लागली. यंत्राच्या सोयीसाठी मांडणी बदलायची, वर कॅमेरे आणि सेन्सरचा खर्च. हे गणित छोट्या दुकानात जेमतेम बसतं, मोठ्या दुकानात विस्कटतं.

हे पहिल्यांदा घडलं असंही नाही. स्वतः वस्तू उचलायची पद्धत रुजवणाऱ्या पिगली विगली या अमेरिकी किराणा दुकानांच्या साखळीचे संस्थापक क्लॅरेन्स साँडर्स यांनी १९३७ मध्ये मेम्फिसला कीडूझल नावाचं स्वयंचलित दुकान काढलं. काचेआड माल, गिऱ्हाइकाच्या हातात किल्ली, वस्तू पट्ट्यावरून यायच्या. गर्दीच्या वेळी यंत्रं अडकायची. १९४९ पर्यंत तो प्रयोग संपला. तिथे कुणाची पोल उघडी पडली नव्हती.

जानेवारी २०२६ मध्ये गो आणि फ्रेश, दोन्ही दुकानं बंद करायचं अ‍ॅमेझॉननं जाहीर केलं. तंत्रज्ञान मात्र स्टेडियम, विमानतळ अशा ठिकाणी दुसऱ्यांच्या दुकानांत चालू आहे. सामन्याच्या मध्यंतरात पाण्याची एक बाटली हवी असते आणि रांग नको असते, तिथे ते शोभतं.

"शेवटी कॅशिअरच जिंकला"

हे वाक्य अलीकडे मजकुराला जोडलं जातं. फ्रेशमध्ये ती यंत्रणा काढल्यावर भर दिला गेला तो डॅश कार्टवर, म्हणजे स्क्रीन असलेल्या ट्रॉलीवर. वस्तू स्कॅन करायची गिऱ्हाइकानं, आत ठेवायची गिऱ्हाइकानं, चुकली तर बाहेर काढून पुन्हा स्कॅन करायचीही गिऱ्हाइकानंच. कॅशिअरचं काम कॅशिअरकडे परत आलं नाही. ते ट्रॉली ढकलणाऱ्याच्या हाती गेलं.