‘कर्नेलच्या आकड्यांना हात लावू नका’ म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार,

डर्टी रेशो म्हणजे डिस्कवर उतरायचा राहिलेला मजकूर मेमरीत किती टक्क्यांपर्यंत साचू द्यायचा, हे लिनक्सच्या कर्नेलला (सिस्टिमच्या गाभ्याला) सांगणारा आकडा. पेन ड्राइव्हसाठी तो कमी करा, असं सांगणाऱ्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं: कर्नेलचे मूळ आकडे जाणत्यांनी ठरवलेत, घरगुती वापरणाऱ्याला ते बदलायला सांगू नये, माझ्या आकड्यांनी कॉपी मंदावते, आणि एक्स्ट-फोर या फाइल सिस्टिमला (डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धतीला) जर्नल, म्हणजे बदलांची आगाऊ नोंद, असताना एवढी धास्ती कशाला?

आधी जर्नलचं बोलतो, कारण हा समज महागात पडतो. एक्स्ट-फोर दर ५ सेकंदांनी जर्नल पक्कं करते, हे खरं. पण नेहमीच्या ‘ऑर्डर्ड’ पद्धतीत जर्नलमध्ये फाइलींची नोंदवही जाते, फाइलींमधला मजकूर नाही. शिवाय ही फाइल सिस्टिम डिस्कवरची जागा उशिरा नेमून देते. ताज्या फाइलीला ब्लॉकच मिळालेले नसतील, तर ५ सेकंदांच्या त्या फेरीत तिचा मजकूर खाली उतरत नाही. डर्टी एक्स्पायर, म्हणजे न उतरलेला मजकूर मेमरीत किती वेळ राहू द्यायचा, याची ३० सेकंदांची मुदत संपेपर्यंत तो मेमरीतच बसून राहू शकतो. २००९ साली मशीन अचानक बंद पडल्यावर लोकांना शून्य बाइटच्या फाइली सापडल्या, त्या यामुळेच. पुढे २.६.३० कर्नेलमध्ये जुन्या फाइलीवर नवी बसवण्याच्या प्रसंगापुरती तजवीज झाली. नव्या फाइलीला ती लागू नाही. आणि मी लेख लिहिला तो पेन ड्राइव्हसाठी. त्यावर बहुतेक वेळा फॅट-३२ किंवा एक्सफॅट फाइल सिस्टिम असते, त्यांना जर्नलच नाही.

दांडिया बाजारात माझ्या मामांचा फोटो स्टुडिओ आहे. बडोद्याची नवरात्र तुम्हाला ठाऊक असेल. रात्रभर गरब्याचे फोटो काढायचे आणि सकाळी गिऱ्हाईक पेन ड्राइव्ह घेऊन दारात उभं. मशीनला १६ जीबी मेमरी, त्यातली वापरायला मोकळी साधारण १४. मागच्या मागे लिखाण कधी सुरू करायचं हे ठरवणारा डर्टी बॅकग्राउंड रेशो १० टक्के, म्हणजे १.४ जीबी साचेपर्यंत कर्नेलला घाई नाही. दीड जीबीचा फोल्डर टाकला की कॉपीची पट्टी काही सेकंदांत पूर्ण होते. तो स्वस्त पेन ड्राइव्ह सेकंदाला १० एमबी लिहितो, म्हणजे खरं काम अडीच मिनिटांचं. मामांनी पट्टी पाहिली, ड्राइव्ह उपटला, दिला. संध्याकाळी एक बाई परत आल्या, अर्धे फोटो उघडत नव्हते. त्या रात्रीचा तो गरबा पुन्हा होणार नव्हता. कॅमेऱ्याची कार्डं अजून पुसली नव्हती, म्हणून निभावलं.

म्हणून ‘कॉपी मंदावते’ हे मला पटत नाही. याच मर्यादा टक्क्यांऐवजी बाइट्समध्ये देऊन डर्टी बॅकग्राउंड बाइट्स १६७७७२१६ आणि डर्टी बाइट्स ५०३३१६४८, म्हणजे १६ आणि ४८ एमबी ठेवले, तर तो ड्राइव्ह आधीइतक्याच वेगाने लिहितो. फरक एवढाच की ४८ एमबीपेक्षा जास्त साचू लागलं की कर्नेल कॉपी करणाऱ्या प्रोग्रामला थोपवतं आणि पट्टी ड्राइव्हच्या चालीने चालते. तुम्ही स्वतः पाहा: कॉपी चालू असताना मेमरीचा हिशेब दाखवणाऱ्या प्रॉक मेमइन्फो फाइलीतल्या ‘डर्टी’ आणि ‘राइटबॅक’ या दोन ओळींवर नजर ठेवा. ड्राइव्ह मात्र तरीही रीतसर अनमाउंट (सिस्टिममधून वेगळा) करूनच काढायचा. शेवटचे ते ४८ एमबी आकडे बदलून सुटत नाहीत.

एका बाबतीत तुम्ही बरोबर आहात, आणि लेखात मी चुकलो होतो. मी ‘डर्टी रेशो ५’ लिहिलं होतं. टक्केवारी मेमरीबरोबर वाढते, ३२ जीबीच्या मशीनवर ५ टक्केही दीड जीबीच्या घरात जातात. आकडा बाइट्समध्येच द्यायला हवा होता. बाइट्स दिले की रेशो आपोआप शून्य दिसू लागतो, त्याने घाबरू नका. लेख दुरुस्त केला आहे.

पेन ड्राइव्ह ‘सिंक’ हा पर्याय देऊन माउंट करा (सिस्टिमला जोडा), असंही तुम्ही सुचवलंत. ते नको. त्यात प्रत्येक बारीक लिखाण लगेच खाली जातं, फाइल तक्ता पुन्हा पुन्हा लिहिला जातो आणि फ्लॅश मेमरी लवकर झिजते.

तुमच्या मशीनवर दिवसभर कंपाइल (कोडपासून प्रोग्राम बनवणं) चालतं म्हणता. तिथे हजारो तात्पुरत्या फाइली डिस्कवर जाण्याआधीच पुसल्या जातात, मोठ्या डर्टी मर्यादेचा तिथे खरा फायदा आहे. तुम्ही मूळ आकडे ठेवा. मामांच्या मशीनवर कर्नेलचे आकडे ठेवणाऱ्या सिसकंट्रोल डी फोल्डरातली बाइट्सच्या त्या दोन ओळींची फाइल मी राहू देणार आहे.