आधी खड्डे बुजवा, मग हेल्मेट

मामांनी घरच्या ग्रुपवर फोटो टाकला: नेदरलँड्समधल्या उट्रेख्त स्टेशनबाहेरची सकाळ, सायकलींचा पूर आणि एकाही डोक्यावर हेल्मेट नाही. खाली ओळ, ‘प्रगत देशात सक्ती नसते.’ भराभर अंगठे आले. मग इथे नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या मला उद्देशून, ‘तूच सांग, खरं की नाही?’

सांगते. मामा, त्या सायकली आहेत. त्याच उट्रेख्तमध्ये मोटरसायकलवाल्याला हेल्मेट सत्तरच्या दशकापासून सक्तीचं आहे. पंचवीसच्या वेगाने जाणाऱ्या निळ्या पाटीच्या स्नोर्फिट्सना, म्हणजे हळू मोपेडना, सूट होती, तीही 1 जानेवारी 2023 ला संपली. कुरकुर इथेही झाली. बरीच पोरं फॅटबाइकवर, म्हणजे जाड टायरच्या विजेच्या सायकलवर गेली, कारण ती कागदोपत्री सायकल. पळवाट काढण्यात डच माणूस पुणेकराला हार जायचा नाही. पण स्नोर्फिट्सवर जो उरला, तो मुकाट्याने हेल्मेट घालतो.

आणि आपल्याकडे? मोटार वाहन कायद्याचं हेल्मेटसक्तीचं कलम 129 हे 1988 पासून आहे. 2019 च्या 1 जानेवारीला पुण्यात पोलिसांनी ते मनावर घेतलं, तर थेट मोर्चे निघाले. जणू कुणी शनिवारवाडा विकायला काढला होता! तेव्हापासून तेच मुद्दे फिरून फिरून येतात. मान दुखते, केस गळतात, हॉर्न ऐकू येत नाही, गाडी लावली की ते ठेवायचं कुठे. उकडतं म्हणणाऱ्यांची तर मला गंमत वाटते. मीही पुण्यातच भर मे महिन्यात डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फमध्ये गुंडाळून, वर सनकोट आणि हातमोजे चढवून स्कूटर चालवली आहे. ऊन चुकवायला एवढं सगळं चालायचं.

मामांचा हुकमी मुद्दा वेगाचा. ‘गावात तीसच्या वर गाडी जातच नाही, हायवेवर घालू की.’ पण डोकं आपटायला गाडीचा वेग लागतोच कुठे? सीटवर बसलेल्याचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असतं. तिथून ते सरळ खाली आलं, तरी डांबराला ताशी वीस किलोमीटरच्या आसपास वेगाने भिडतं. गाडी उभी असली तरी. कवटी तिथल्या तिथे थांबते, आतला मेंदू मात्र पुढे जाऊन तिच्यावर आपटतो. हेल्मेटच्या आतलं थर्माकोलसारखं अस्तर त्या वेळी चेपतं, आणि चेपताना डोक्याला थांबायला थोडा जास्त वेळ मिळतो. सगळी करामत तेवढ्या वेळाची आहे. देशोदेशींचे अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा, की हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे 42 टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा 69 टक्क्यांनी कमी होतो. अर्थात पट्टा लावलेला असेल तर. आरशाला लटकवलेलं आणि चौकातले पोलीस दिसले की डोक्यावर चढणारं हेल्मेट यात मोजत नाहीत.

उरला ‘आधी खड्डे बुजवा, मग हेल्मेट’ हा मुद्दा, आणि तो मला खरंच टोचतो, कारण त्यात तथ्य आहे. उट्रेख्तमधली ती उघडी डोकी सुरक्षित आहेत ती रस्त्यामुळे. सायकलीला वेगळी वाट, वस्तीत तीसची मर्यादा, चौकात गाडीवाल्याला हळू व्हावंच लागेल अशी वळणं. हे काही आपोआप झालेलं नाही. 1971 मध्ये या एवढ्याशा देशात रस्त्यावर तीन हजारांहून जास्त माणसं मेली, त्यांत चारशेच्या वर मुलं होती. मग आईबाप रस्त्यावर उतरले. ‘मुलांच्या हत्या थांबवा’ हे त्यांच्या चळवळीचं नावच होतं. मोर्चाच काढायचा तर असा काढा ना! रस्त्यासाठी. आणि त्याला हेल्मेट घालून या, कारण रस्ते व्हायला वर्षं लागणार आणि खड्डा आजच्या आज आहे. 2022 मध्ये भारतात हेल्मेट नसताना पन्नास हजारांवर दुचाकीस्वार गेले, त्यांतले चौदा हजारांहून जास्त मागे बसलेले. मागे कोण बसतं आपल्याकडे? बायको, आई, क्लासला निघालेली पोर.

यावर ग्रुपवर काय उत्तर येणार ते मला ठाऊक आहे. ‘तिथे बसून सांगायला काय जातं?’ बरोबर आहे, काही जात नाही. मी रोज फिट्सपाडवरून, म्हणजे सायकलच्या वेगळ्या वाटेवरून, उघड्या डोक्याने ऑफिसला जाते. दुसऱ्यांच्या आईबापांनी भांडून मिळवलेला रस्ता मला आयता मिळाला, त्यासाठी मी एक फलकसुद्धा धरला नाही. पुण्याच्या रस्त्यासाठीही नाही, तिथे होते तेव्हा. आता तिकडे आले की कुणी माझ्या हातात गाडीची किल्ली देत नाही. ‘तुला सवय राहिली नाही’ म्हणतात आणि रिक्षा बोलावतात. खरं सांगायचं तर मला हेल्मेटवरच्या वादापेक्षा ती रिक्षा मनाला जास्त लागते. मतदानाला नाही, मोर्चाला नाही, निदान भांडणात तरी मला धरा.

डिसेंबरात येतेय. मामा, तुमची ॲक्टिव्हा मी चालवणार आहे, तुम्ही मागे बसायचं. आल्या आल्या दोन हेल्मेट घेऊ, आयएसआयची, आणि तुमचं डोक्यावर घालून बघून. फूटपाथवरची स्वस्तातली टोपी चालणार नाही. एनआरआयची नाटकं म्हणायचं तर खुशाल म्हणा, पण पट्टा लावल्यावर म्हणा.