साप बरणीत कोंडणाऱ्या पोरांच्या आईबापांनो

सकाळपासून डोकं फिरलंय. आमच्या परभणीकडच्याच एका पोरानं स्टेटस टाकलाय: बिस्किटाच्या प्लास्टिक बरणीत गुंडाळी करून बसलेली धामण, झाकणाला खिळ्यानं पाडलेली भोकं, आणि वर लिहिलंय 'आपला टायगर'. त्याला बदाम देणारे सगळे आपल्याच ओळखीचे!

माझ्या मामेभावानंही असंच एक 'अजगराचं पिल्लू' घरी आणलं होतं. सोयाबीन काढताना बांधावर सापडलेलं. अंगावर साखळीसारखे ठिपके, एकदम सुस्त. दोन दिवस हातात घेऊन सगळ्या गल्लीला दाखवलं. ती घोणस होती, जहाल विषारी.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. धामण असो, नाग असो की मांडूळ, घरात ठेवणं गुन्हा आहे. मांडुळानं गुप्तधन सापडतं म्हणणाऱ्यांशी तर मला बोलायचंच नाही. परदेशात लोक बॉल पायथन, म्हणजे आफ्रिकेतला छोटा अजगर, पाळतात, मान्य. ते बहुतेक पिंजऱ्यातच जन्मलेले असतात, त्यांना ठरावीक ऊब लागते, ती देतात. तुम्ही रानातला जीव उचलून बरणीत कोंबता, त्याला पाळणं म्हणू नका.

आणि 'तो मला ओळखतो' हे बंद करा. साप शांत बसला म्हणजे लाडात आला नाही, भेदरलाय किंवा गारठलाय. मामेभावाची घोणसही शांतच होती. तिसऱ्या दिवशी बोटाला चावली. दवाखान्यात डॉक्टरांनी काचेच्या नळीत रक्त घेतलं, वीस मिनिटं हलवलं नाही. मग नळी तिरपी केली, तर रक्त पाण्यासारखं वाहिलं, गोठलंच नव्हतं. हिरड्यांतून रक्त येत होतं. मामी दारात बसून नुसती पदर पिळत होती.

सर्पविषावरची लस मिळाली म्हणून लेकरू वाचलं.

खरे सर्पमित्र आहेत, पदरचं पेट्रोल जाळून रात्री-अपरात्री धावतात, त्यांच्यापुढे हात जोडतो. पण पकडलेला साप मुक्कामाला ठेवून रील काढणारा सर्पमित्र कसला?

त्या स्टेटसवाल्या पोरावर खरं तर राग नाही. त्याला साप आवडतो, ही चांगलीच गोष्ट आहे. बेटा, आमच्या शेतातल्या आखाड्यावर ये. कडब्याच्या गंजीत धामण राहते, उंदरांमागे कशी सुटते ते लांबून बघ. आमच्या आप्पांनी तिला कधी कुणाला काठी लावू दिली नाही. घरातली मात्र आजच वनविभागाच्या हवाली कर. १९२६ वर फोन लाव, लागला नाही तर मला सांग, मी येतो.

मामेभावाला विचारूनच हे लिहिलंय. त्याचं ते बोट अजून पुरतं वाकत नाही. तो म्हणाला, माझं नाव घालू नको दादा, पण लिही.