‘फॉरमॅट करून दिलं नाही’ या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू दोनदा वाचला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं आहे: आमच्याकडून एसएसडी (साठवणुकीची वेगवान डिस्क) बसवून घेतल्यापासून महिन्याची 1000 जीबी पंधरवड्यातच संपते आणि पुढे नेट रखडतं. नेटवाल्यांनी सांगितलं, कॉम्प्युटरमध्येच व्हायरस असणार. आमच्या दुकानातला मुलगा तुमच्या घरी आला, तासभर बसला, मेलची फाइल इंटरनेटवरच्या बॅकअपमधून जातेय म्हणाला, दोन दिवस बॅकअप थांबवून बघा असं सांगून 400 रुपये घेऊन गेला. फॉरमॅट करून द्या, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने टाका, म्हटलं तर आम्ही नाही म्हणालो.

मेलच्या फाइलचा उल्लेख तुम्हीच केला आहे म्हणून त्याबद्दल इथे लिहितो. तुमच्या कॉम्प्युटरमधलं बाकी काहीही चारचौघांत लिहिणार नाही. 400 रुपये हे भेटीचे आहेत, ते फोनवर आधीच सांगितले होते आणि पावतीही दिली आहे.

फॉरमॅटला नाही म्हणायचा निर्णय त्या मुलाचा नव्हे, माझा आहे. डेटा कुठे जातोय हे मोजल्याशिवाय आमच्या दुकानात फॉरमॅट करत नाहीत. महिन्याला हजार जीबी उडतात म्हणजे त्या कुठल्या तरी दिशेने, कुठल्या तरी प्रोग्रॅममार्फत जातात. डेटा घरात येतोय की घरातून बाहेर जातोय, हे आधी बघायचं. एवढं एक कळलं तरी निम्मी कारणं गळून पडतात.

विंडोज नव्याने टाकल्यावर सुरुवातीच्या दिवसांत अपडेट्स येतात, त्यात काही जीबी जातात. पण ते डाउनलोड असतं आणि एकदा झालं की थांबतं. तुमच्याकडे उलटं दिसलं. रिसोर्स मॉनिटर नावाचा प्रोग्रॅम विंडोजमध्येच असतो. त्यातल्या नेटवर्कच्या पानावर कोणता प्रोग्रॅम सेकंदाला किती पाठवतोय आणि किती घेतोय, हे वेगवेगळं दिसतं. आमच्या मुलाने तुमच्यासमोरच ते उघडलं होतं. घेण्याचा आकडा किरकोळ होता, पाठवण्याचा सतत वर होता, आणि नाव होतं बॅकअपच्या सॉफ्टवेअरचं.

आता हे होतं कसं. आउटलुक या मेलच्या प्रोग्रॅममध्ये तुम्ही जुनी मेल पीएसटी फाइलमध्ये ठेवता. अनेक वर्षांची मेल आणि अटॅचमेंट एकाच फाइलमध्ये. तुमची 14 जीबीची आहे. आउटलुक ही फाइल डॉक्युमेंट्समधल्या फोल्डरमध्ये ठेवतं. एसएसडी बसल्यावर बॅकअपचं सॉफ्टवेअर घरी पुन्हा नव्याने टाकलं गेलं आणि त्याने विचारलं तेव्हा संपूर्ण डॉक्युमेंट्सला होकार दिला गेला. यात कोणाचा गुन्हा नाही. बॅकअप घ्यावा असं आम्हीच सगळ्यांना सांगतो. अडचण पुढची आहे. आउटलुक नुसतं उघडून बंद केलं, एकही नवी मेल आली नाही, तरी पीएसटीवरची बदलाची वेळ पुढे सरकते. काही सॉफ्टवेअर बदललेला तुकडाच वर पाठवतात. तुमच्याकडचं संपूर्ण फाइल पुन्हा पाठवतं. दिवसात पाच वेळा आउटलुक उघडून बंद केलं तर 70 जीबी झाले. पंधरा दिवसांचे 1050. तुमची हजार जीबी पंधरवड्यात का संपते, ते या आकड्यात आहे. आणि 100 एमबीपीएसच्या लाइनवर 14 जीबी वर जायला वीसेक मिनिटं लागतात, त्यामुळे ब्राउझिंग करताना तुम्हाला ते जाणवेलच असं नाही.

एसएसडी ही साठवायची जागा आहे, ती स्वतःहून नेट वापरत नाही. दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात झाल्या म्हणून संशय तिच्यावर जाणं मी समजू शकतो.

व्हायरसचं म्हणाल तर ती शंका आम्ही उडवून लावलेली नाही. तासाभरातली पंधरा-वीस मिनिटं डिफेंडर या विंडोजच्याच अँटिव्हायरसच्या ऑफलाइन स्कॅनची होती. त्यात कॉम्प्युटर रीस्टार्ट होऊन विंडोज चालू व्हायच्या आधी तपासणी होते, म्हणून लपून बसलेलं काही असेल तर सापडण्याची शक्यता वाढते. काही सापडलं नाही. तुम्ही लिहिलंय की नातवाने चालू प्रोग्रॅमच्या यादीत ‘सर्व्हिस होस्ट’ दाखवलं आणि तोच व्हायरस आहे. ती विंडोजची स्वतःची फाइल आहे. अपडेट, वेळ जुळवणं, नेटवर्क अशा बऱ्याच सेवा तिच्या आत चालतात, म्हणून यादीत ती अनेकदा दिसते. त्याच नावाची फाइल विंडोजचे सिस्टम32 किंवा SysWOW64 हे फोल्डर सोडून भलत्याच फोल्डरमधून चालत असेल तर मात्र घाबरायचं. नातवाने शोधायचा प्रयत्न केला हे चांगलंच केलं, पुढच्या वेळी त्याला उजवं क्लिक करून फाइलची जागा बघायला सांगा.

आता समजा आम्ही त्या दिवशी फॉरमॅट करून दिलं असतं. बॅकअपचं सॉफ्टवेअर निघून गेलं असतं, म्हणून चार दिवस डेटा कमी गेला असता. तुम्ही म्हणाला असता, बघा, व्हायरसच होता. मग तुम्ही बॅकअप पुन्हा टाकला असता, डॉक्युमेंट्सला पुन्हा होकार दिला असता आणि पुढच्या महिन्यात तीच हजार जीबी गेली असती. शिवाय फॉरमॅटचे पैसे, प्रिंटर आणि डिजिटल सहीची सगळी मांडणी परत, आणि त्या 14 जीबीच्या मेलची जोखीम. एवढं करून कारण हातात नाही. मला हे पटत नाही, आणि पैसे मिळत असले तरी मी ते करणार नाही.

दोन दिवस बॅकअप थांबवून बघा असं सांगून आम्ही अंग काढून घेतलेलं नाही. ती तपासणीच आहे, आणि ती तुमच्या घरीच होऊ शकते. सकाळी एकदा आणि रात्री झोपताना एकदा राउटरच्या पानावरचा किंवा नेटवाल्यांच्या ॲपमधला आकडा लिहून ठेवा. विंडोजच्या डेटा युसेजमधला आकडाही बघा, पण केवळ त्यावर विसंबू नका. घरातल्या घरात एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर काही कॉपी केलं तर तेही त्यात धरलं जातं. कोणी ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करा म्हणेल. त्याने विंडोजचे अपडेट्स आवरतात, पण बाहेरचं बॅकअप सॉफ्टवेअर ते जुमानेलच असं नाही.

आकडा खाली आला तर पुढचं काम छोटं आहे: आउटलुक बंद करून पीएसटी डॉक्युमेंट्सच्या बाहेर हलवायची, आउटलुकला नवी जागा दाखवायची आणि बाकीच्या फोल्डरांचा बॅकअप पुन्हा चालू करायचा. बॅकअप कायमचा बंद ठेवू नका, एवढी कळकळीची विनंती. मेलच्या फाइलची आठवड्याला एक कॉपी बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. हे आम्ही तुमच्या घरी येऊन करून देऊ आणि त्याचे वेगळे पैसे घेणार नाही, कारण ते आधीच्याच भेटीतलं राहिलेलं काम आहे.

आकडा खाली आला नाही, तर चूक आमच्या निदानात आहे असं धरून मी स्वतः येईन. मग एका रात्री कॉम्प्युटर पूर्ण बंद ठेवून राउटर बघायचा. तरीही डेटा जात असेल तर शोध कॉम्प्युटरच्या बाहेर न्यावा लागेल: टीव्ही, मोबाइल, किंवा वायफायचा पासवर्ड आणखी कोणाकडे आहे का. घरात क्लाउडवर सतत रेकॉर्डिंग पाठवणारा कॅमेरा असेल तर नुसत्या 2 एमबीपीएसने दिवसाला 21 जीबीच्या वर जातात, आणि नेटवाल्यांकडे फोन केल्यावर ही गोष्ट सहसा कोणी विचारत नाही.

स्टार बदला असं मी म्हणत नाही. दोन दिवसांचे चार आकडे दुकानाच्या व्हॉट्सॲपवर पाठवा. आम्ही विश्रामबागेतच आहोत, रविवार सोडून रोज सकाळी दहापासून. येताना कॉम्प्युटर उचलून आणायची गरज नाही.