'दोन बोटं' म्हणजे किती? थंडीतल्या एका मेसेजला उत्तर

डिसेंबर लागला की ग्वाल्हेरात तिळाची गजक येते, आणि इथल्या आमच्या लष्कर भागातल्या मराठी मंडळींच्या फोनवर हा मेसेज येतो. यंदा मला तो तीन नातेवाइकांनी पाठवला. मजकूर थोडक्यात असा: ब्रँडीने अंग गरम राहतं, रोज दोन पेग हृदयाला चांगले, बिअर म्हणजे काही दारू नव्हे, मनात आणलं तर कधीही सोडता येते, आणि जास्त झालीच तर काळी कॉफी प्या, उतरते. शेवटी हात जोडून 'मर्यादेत घ्या, मजेत जगा'.

थंडीचं आधी उरकते. दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आतलं गरम रक्त वर येतं, गाल तापतात. आपल्याला वाटतं ऊब आली, पण शरीर आतली उष्णता बाहेर सोडत असतं. पारा चार-पाचावर आलेल्या रात्री उघड्यावर पिऊन पडलेल्या माणसाच्या हेच जिवावर बेततं. घरात रजईत बसून ऊबच हवी असेल तर शेंगोळ्यांची वाटी जास्त काम करते.

आता 'मर्यादा'. खरी गोम इथे आहे, कारण ती कोणी मोजतच नाही. आमचे धाकटे काका काचेच्या पेल्याला बाहेरून दोन बोटं लावून ओततात. गेल्या वर्षी त्यांच्यासमोरच मी तो पेला खोकल्याच्या औषधाच्या 10 मिलीच्या टोपणाने मोजला. टोपण अकरा वेळा भरलं. काका म्हणाले, "अगं, टोपण छोटं असेल."

आपल्याकडच्या व्हिस्की-ब्रँडीच्या बाटलीवर बहुधा 42.8 टक्के लिहिलेलं असतं. त्या हिशेबाने 30 मिलीच्या छोट्या पेगमध्ये साधारण 10 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. म्हणजे काकांचा 'एक' पेला जवळजवळ चार छोट्या पेगांचा. बिअरचंही तेच. 650 मिलीची आठ टक्केवाली स्ट्राँग बाटली घ्या, त्यात सुमारे 41 ग्रॅम निघतात. पुन्हा चार छोटे पेग! लग्नाच्या वरातीत 'मी फक्त बिअर घेतो' म्हणणारे भाचे-पुतणे हे वाचतील तर बरं.

ब्रिटनच्या 2016 च्या सल्ल्यात स्त्री-पुरुष दोघांनाही आठवड्याला 14 युनिटांपेक्षा जास्त नको असं म्हटलं आहे. ते होतात 112 ग्रॅम, आपले अकरा छोटे पेग, तेही तीन-चार दिवसांत विभागून. काका शनिवारी तीन पेले घेतात, म्हणजे आठवड्याचा कोटा एका बैठकीत संपतो. कॅनडाच्या व्यसनविषयक केंद्राने 2023 मध्ये याहून कडक भूमिका घेतली: कमी धोका हवा तर आठवड्याला फार तर दोन ड्रिंक्स. बायकांना तेवढ्याच दारूचा त्रास जास्त, कारण शरीरात पाणी कमी असल्याने रक्तातलं प्रमाण चढं राहतं.

हृदयाची गोष्ट अगदी हवेतून आलेली नाही. जुन्या अभ्यासांत थोडी पिणारे न पिणाऱ्यांपेक्षा निरोगी दिसले होते. पण 'न पिणाऱ्यां'त आजारपणामुळे सोडलेलेही मोजले होते. शिवाय बेताने पिणारे बरेचदा खाऊनपिऊन सुखी. हे फरक बाजूला काढले की तो फायदा विरघळत जातो. कर्करोगाचं मात्र तसं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 1988 मध्येच दारूला तंबाखूच्या पहिल्या गटात, म्हणजे माणसाला नक्की कर्करोग करणाऱ्यांत, टाकलं. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं, स्तन, यादी लांब आहे. हे वाइनलाही लागू आहे, महाग असली तरी.

'कधीही सोडता येते' हे वाक्य मला सर्वांत घातक वाटतं. अनेक वर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक बंद केली तर थरथर, भ्रम, फिट्स येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. सोडायचीच आहे, पण डॉक्टरला विचारून. फोन करायचा तर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 आहे, फुकट.

राहिली कॉफी. तिने झोप उडते, दारू उतरत नाही. यकृत आपल्या गतीने, साधारण तासाला एक छोटा पेग, एवढंच काम करतं. लिंबू, ताक, गार पाण्याची अंघोळ, कशानेच ते घाई करत नाही. आठ वाजता बसून तीन पेले झाले तर हिशेब दुसऱ्या दिवशी सकाळी सातपर्यंत जातो. गाडी चालवताना 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं तर पहिल्याच वेळी दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. काका रविवारी साडेसहाला नातवाला स्कूटरवर क्रिकेटच्या सरावाला नेत असत. हा हिशेब कागदावर मांडून दाखवला तेव्हा ते काही बोलले नाहीत. आता रविवारी नातवाला त्यांची सून सोडते.