कुकच्या गावातल्या एका कुकचं उत्तर

नमस्कार ताई,

आमच्या फिश अँड चिप्सच्या दुकानावरचा तुमचा रिव्ह्यू रविवारी रात्री वाचला. गल्ला मोजून झाला होता, फ्रायर थंड होत होते. तेव्हाच उत्तर द्यायला बसलो असतो तर नको ते शब्द आले असते, म्हणून दोन दिवस जाऊ दिले. तुम्ही मराठीत लिहिलंत, 'आपल्या लोकांना सावध करण्यासाठी'. मालक, म्हणजे मी, मूळचा देवगडचा आहे याची तुम्हाला कल्पना नसणार. काउंटरवर भेटला तो पोरगा इथलाच, इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या किनाऱ्यावरच्या व्हिटबीचा. मी मागे खेकडे सोलत होतो.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात: एक स्टार. चिप्स, म्हणजे बटाट्याचे जाड लांब तुकडे, गोमांसाच्या चरबीत तळलेले निघाले आणि कोणी सांगितलं नाही. बंदरात बसून नॉर्वेचा बर्फातला मासा खायला घातला. मासा कातडी सोललेला, म्हणजे जुनाच असणार. खेकडा गार आणि बिनमसाल्याचा. चाळीस मिनिटं रांग. सीगलने यजमानांच्या हातातला मासा पळवला. आणि शेवटी दर्यावर्दी जेम्स कुकवरून कोटी, 'कॅप्टन कुकच्या गावात एक धड कुक नाही'. हे वाक्य मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. ती अजून हसते आहे.

आधी चरबीचं. तिथे तुम्ही शंभर टक्के बरोबर आहात आणि चूक माझी आहे. तुम्ही खिडकीवर विचारलंत, 'चिप्स व्हेज आहेत ना?' पोरगा म्हणाला, 'हो, नुसते बटाटे.' तो खोटं बोलला नाही. त्याच्या लेखी चरबी हा खाण्याचा पदार्थच नाही, कढई असते तशी ती असते. यॉर्कशायरमध्ये फिश अँड चिप्स बीफ ड्रिपिंगमध्येच तळायची जुनी रीत आहे. तशी पाटीही आमच्याकडे आहे, पण आत, गल्ल्याच्या मागे. सुट्टीच्या दिवशी रांग बाहेर खिडकीपाशी लागते आणि तिथून ती दिसत नाही. तुम्ही सॉस घ्यायला आत आलात तेव्हा पाटी वाचलीत. तोवर तुमच्या आईंनी बाकावर बसून अर्धा पुडा संपवला होता. 'आईने काही न बोलता चूळ भरायला पाणी मागितलं,' या तुमच्या ओळीपाशी मी थांबलो.

माझी आई पहिल्यांदा इथे आली तेव्हा तिला मी आधीच सांगितलं होतं. ती दुकानाच्या उंबऱ्याबाहेर उभी राहिली, मग मागच्या जिन्याने वर गेली. पंधरा दिवस वर पिठलं-भात करून जेवली. म्हणजे हे मला माहीत नव्हतं असंही म्हणायची सोय नाही.

मग बदलत का नाही? एकदा बदललं होतं. दुकान घेतलं त्या वर्षी तीन आठवडे सूर्यफुलाच्या तेलावर काढले. समोरच्या गल्लीतले एक आजोबा दर शुक्रवारी यायचे. त्यांनी पहिला घास खाल्ला, पुडा होता तसा गुंडाळला आणि काउंटरवर परत ठेवला. एक शब्द नाही. पुढच्या शुक्रवारी ते आले नाहीत, आणि त्यांच्यासारखे आणखी बरेच. या गावात धंदा करायचा तर चरबी राहणार, हे स्पष्ट सांगतो. पण आता पाटी खिडकीवर आली आहे, डोळ्यांच्या उंचीवर. आणि मागच्या ओट्यावर एक लहान फ्रायर बसवला आहे, त्यात फक्त सूर्यफुलाचं तेल. आमच्या पिठात मैदा, पाणी, मीठ, सोडा एवढंच असतं, त्यामुळे मासे खाणाऱ्या पण बीफ न खाणाऱ्या माणसाची सोय झाली. तळणी लहान आहे, गर्दीत वीसेक मिनिटं जास्त लागतील. मासाही त्यातच तळतो, तेव्हा शुद्ध शाकाहारी मंडळींना माझ्याकडे भाजलेल्या बटाट्याखेरीज काही नाही. आणि फक्त माझ्याकडेच नव्हे, इथे कुठेही गेलात तरी 'व्हेज आहे का' असं न विचारता 'कशात तळता' असं विचारा. पहिल्याचं उत्तर हमखास चुकीचं मिळतं.

आता माशाचं. इथे मात्र मी मागे हटणार नाही.

तुमच्या पुड्यातला मासा, म्हणजे हॅडॉक, नॉर्वेच्या बाजूच्या समुद्रातला होता आणि गोठवलेला होता, खरं आहे. शिळा नव्हता. त्या मोठ्या बोटींवर जाळं वर आलं की काही तासांतच मासा कापून, साफ करून तिथल्या तिथे गोठवतात. तुम्ही रत्नागिरीच्या, तुम्हाला काय सांगायचं? आपल्याकडचा ट्रॉलर चार-सहा दिवसांनी धक्क्याला लागतो, खणातला मासा फोडलेल्या बर्फात तेवढे दिवस पडलेला असतो, आणि आपण गिल वर करून 'ताजा आहे हो' म्हणत तो घेतो. त्या हिशेबाने माझा हॅडॉक जास्त ताजा.

'समोर समुद्र असून बाहेरचा मासा का?' हा प्रश्न मलाही पडला होता. व्हिटबीच्या धक्क्यावर एके काळी हेरिंगचे ढीग पडायचे, कॉड-हॅडॉकच्या पेट्या लागायच्या. मग उत्तर समुद्रातला कॉड आटला, कोटे आले, बोटी कमी झाल्या. त्याआधी आइसलंडने आपली हद्द १९५८ मध्ये १२ मैल, १९७२ मध्ये ५० आणि १९७५ मध्ये २०० मैल केली. कॉडवरून दोन देशांच्या बोटी एकमेकींना धडकल्या, इंग्लंड हरलं, आणि हल आणि ग्रिम्सबी या बंदरांकडचा लांब पल्ल्याच्या मासेमारीचा धंदा बसला. आज आमच्या धक्क्यावर उतरतात ते मुख्यतः खेकडे आणि लॉब्स्टर. इंग्लंडातल्या बहुतेक चिप्सच्या दुकानांत उत्तरेच्या थंड समुद्रातलाच मासा असतो. मात्र आमच्या काचेवर व्हिटबीची होडी रंगवली आहे, आणि ती पाहून मासाही त्याच होडीतला असं कोणालाही वाटेल. होडी पुसणार नाही, ती आधीच्या मालकाच्या हातची आहे. हॅडॉक कुठला, ते तिच्याखाली लिहून टाकतो.

कातडीचं एका वाक्यात: दक्षिणेकडे कॉड खातात आणि कातडी ठेवतात, यॉर्कशायरला हॅडॉक लागतो आणि तो सोललेला. हॅडॉकच्या खांद्यावर अंगठ्याच्या ठशासारखा काळा डाग असतो. कातडीबरोबर तोही जातो, म्हणून तुम्हाला ओळख पटवायला काही उरलं नाही.

खेकडा मात्र तुम्ही सगळ्यात चांगला खाल्लात आणि त्यालाच सगळ्यात जास्त नावं ठेवलीत. तो समोरच्याच पाण्यातला. पहाटे उकडला, सकाळी मी स्वतः सोलला. पांढरं मांस डेंग्यांतलं, आणि ज्याला तुम्ही 'तपकिरी चिखल' म्हणालात ते कवचातलं. ती आपली लाख, म्हणजे मादीतली केशरी अंडी, नव्हे, पण कुर्ली फोडल्यावर बोट घालून आधी तेच चाखायची हौस इथेही तशीच. हा पदार्थ गारच देतात, सोबत लिंबू आणि ब्राउन ब्रेड. मसाला मी घालणार नाही. सोमवारी दुकान बंद असतं, तेव्हा घरी मालवणी कालवण होतं, त्यात हाच खेकडा असतो. पण ते विकायला ठेवलं तर तळणीचा धंदा सोडून मसाल्याचं वाटप वाटत बसावं लागेल. आणि २०२१ च्या शरद ऋतूत टीस नदीच्या मुखापासून इकडे किनाऱ्यावर मेलेल्या खेकड्यांचे थर लागले होते. कारणावरून तज्ज्ञ आणि मच्छीमार अजून भांडतात. तेव्हापासून चांगला खेकडा हाती आला की त्याच्यावर काही ओतावंसं वाटत नाही, हेही आहे.

रांगेबद्दल माफ करा, तो बँक हॉलिडेचा, म्हणजे सार्वजनिक सुट्टीला लागून आलेला, शनिवार-रविवार होता. सीगलबद्दल माझा इलाज चालत नाही. कायद्याने त्याला संरक्षण आहे, माझ्या हॅडॉकला नाही. भिंतीला पाठ लावून खायचं, एवढंच सांगू शकतो.

तुम्ही लिहिलंत, 'यापेक्षा स्कारबरोला जा.' जरूर जा. पण पुन्हा व्हिटबीला आलात तर माझ्याकडे यायच्या आधी पूल ओलांडून पूर्वेला या. १९९ पायऱ्यांच्या पायथ्याशी हेन्रिएटा स्ट्रीट आहे. तिथे १८७२ पासून किपर धुरावणारं 'फॉर्च्यून्स'चं छोटं धूरघर आहे. किपर म्हणजे धुरावलेली हेरिंग, आणि हेरिंग म्हणजे आपल्या तारलीची थोरली बहीण. चिरून, खारवून, लाकडाच्या धुरात टांगलेली. काळ्याकुट्ट भिंतींचा तो वास घेतलात की तुम्हाला सुक्या बाजाराची आठवण होईल. किपर घरी नेऊन तव्यावर गरम करा, खिडक्या उघड्या ठेवून. सकाळी भरतीच्या वेळी धक्क्यावर उभ्या राहिलात तर लॉब्स्टर मोजताना दिसतील: डोळ्याच्या खाचेपासून पाठीच्या कवचाच्या कडेपर्यंत ८७ मिलिमीटर भरला नाही तर परत पाण्यात. अंडी असलेली मादीही २०१७ पासून परत सोडावी लागते. आपल्याकडच्या शेवंडांना असे डेंगे नसतात, आणि हा जिवंतपणी गर्द निळा असतो, हे आईंना दाखवा.

कुकबद्दल एक दुरुस्ती. तो इथला नव्हे, मार्टनचा. व्हिटबीला १७४६ मध्ये शिकाऊ उमेदवारी करायला आला. मीही तसाच, बाहेरून येऊन शिकलेला.

आईंशी दोन शब्द बोलायला मिळाले तर बरं वाटेल. त्यांचा नंबर इथे टाकू नका, दुकानात फोन करा, सकाळी दहाच्या आत मीच उचलतो. फिश अँड चिप्सच्या चारही पुड्यांचे पैसे त्याच कार्डावर परत केले आहेत, दोन-चार दिवसांत दिसतील. खेकड्याचे केलेले नाहीत. खेकडा चांगला होता.