शेजारच्या खुर्चीतला खोकला

अमेरिकन गायक बॉब डिलनची ओळख होण्याआधी आमच्या घरात एका खोकल्याची ओळख झाली. नव्वदच्या दशकातल्या त्याच्या कुठल्याशा कॉन्सर्टच्या रेकॉर्डिंगमध्ये हे खोकणारे गृहस्थ माइकच्या डाव्या अंगाला बसले होते. गाण्याचं शेवटचं कडवं आलं की त्यांना ठसका लागायचा. आधी एक छोटा, चाचपणी केल्यासारखा. मग दोन दणदणीत. आणि शेवटी घसा खाकरून केलेली सारवासारव. मुलगी लहान असताना त्यांना 'खोकलेकाका' म्हणायची. डिलनला तिने काही नाव दिलं नव्हतं. तिच्या मते तो मागे कुठेतरी पुटपुटत होता.

मी डिलनच्या कॉन्सर्टची 'ऑडियन्स रेकॉर्डिंग्ज' जमवतो. म्हणजे प्रेक्षकांतल्याच कुणीतरी टोपीत, चष्म्याच्या काडीला नाहीतर कॉलरमध्ये माइक दडवून, रखवालदाराचा डोळा चुकवून केलेली रेकॉर्डिंग्ज. आणि तीही साधी नाहीत, उत्तम दर्जाची. या 'उत्तम दर्जा'पायी माझ्या आजवरच्या निम्म्या रात्रींची रात्रपाळी झाली आहे.

अल्बम का ऐकत नाहीस, असं लोक विचारतात. प्रश्न रास्त आहे, पण डिलन तेच गाणं तसंच गाईल तर ना! चाल बदलतो, लय बदलतो, कधी शब्दही. समोरच्या लोकांना दुसऱ्या-तिसऱ्या ओळीला कळतं की हे आपलं आवडतं गाणं आहे, आणि मग टाळ्या पडतात. ७ जून १९८८ रोजी कॅलिफोर्नियातल्या काँकर्डला त्याने जो दौरा सुरू केला, तो लोकांच्या लेखी संपलाच नाही; 'न संपणारा दौरा' हेच त्याचं नाव पडलं. २०१९ पर्यंत त्यातल्या कार्यक्रमांनी तीन हजारांचा आकडा गाठला. माझ्यासारख्याने त्यातलं काय सोडायचं?

"अरे, हे कालच वाजत होतं ना?" बायको विचारते.

"कालचं १९९५ चं. हे २००० चं."

"मग पाच वर्षांत सुधारलं का?"

या प्रश्नावर मी हेडफोन लावतो.

मी या नादाला लागलो तेव्हा देवाणघेवाण टपालाने चालायची. आपण कोऱ्या डिस्क आणि परतीचं टपाल पाठवायचं, समोरच्याने त्यावर कॉपी करून पाठवायची. पैसे घ्यायचे नाहीत, हा यातला कडक नियम. विकणारा तो चोर, वाटणारा तो संग्राहक. चोरीच्या मालावरची ही नीतिमत्ता मला कधी पूर्ण उमगली नाही, पण मी ती निष्ठेने पाळली.

प्रत्येकाच्या यादीत रेकॉर्डिंगपुढे दर्जा लिहिलेला असे. ही भाषा शिकायला मला दोन वर्षं लागली. 'एक्सलंट' म्हणजे शब्द कळतात. 'व्हेरी गुड' म्हणजे गाणं कळतं. 'गुड' म्हणजे गाणारा पुरुष आहे एवढं कळतं. आणि पुढे 'ऐतिहासिक महत्त्वाचं' असं लिहिलेलं असेल तर खुशाल समजावं की माइक ओव्हरकोटाच्या आतल्या खिशात होता आणि कोट शेवटपर्यंत कुणी काढला नाही.

मग खानदानाचा प्रश्न. मूळ कॅसेट म्हणजे मास्टर. तिची कॉपी पहिली पिढी, कॉपीची कॉपी दुसरी. प्रत्येक पिढीत मागचा सूंऽऽ आवाज वाढतो आणि झांजा, टाळ्या, स-श अशी वरची अक्षरं बोथट होत जातात. माझ्याकडे १९८१ चं एक रेकॉर्डिंग होतं, त्याची पिढी कुणालाच सांगता येत नव्हती. ऐकताना वाटायचं, धो धो पावसात पत्र्याच्या शेडखाली कुणीतरी माउथ ऑर्गन वाजवतंय. ते मी तीन वर्षं अत्यंत भक्तिभावाने ऐकलं.

बॅटरीचा प्रकार त्याहून गमतीचा. ऐंशीच्या दशकात सोनीचा 'वॉकमन प्रोफेशनल' या मंडळींचा लाडका होता. हाताएवढं यंत्र, पण आवाज झकास. बॅटरी मात्र भर कार्यक्रमात मान टाकायची. रेकॉर्ड करताना टेप हळू फिरली की नंतर नेहमीच्या वेगाने लावल्यावर आवाज चढतो. तर माझ्या एका टेपमध्ये चाळिशी ओलांडलेला डिलन पहिल्या गाण्यात खर्जात सुरू होतो, मध्यंतराच्या सुमारास त्याला पालवी फुटते आणि शेवटच्या गाण्याला तो साधारण नऊ वर्षांचा असतो. संगणकावर त्याचा सूर जागेवर आणायला मला चार रविवार लागले. दर पाच मिनिटांना थोडं थोडं ओढून त्याला पुन्हा वयात आणावं लागलं.

नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. कार्यक्रमाला पंचेचाळीस मिनिटं होतात तेव्हा, सगळ्या विश्वाने संगनमत केल्यासारखं, त्या रात्रीचं सर्वात दुर्मिळ गाणं चालू असतं. खट्ट. शांतता. खट्ट. आणि टाळ्या.

१९८७ मध्ये डॅट आलं. डिजिटल टेप, सूंऽऽ नाही, कॉपी केली तरी पिढी घटत नाही. पुढे रेकॉर्डिंग फाइलच्या रूपात फिरू लागली आणि नवं पाप जन्माला आलं. कुणीतरी जागा वाचवायला त्याची एमपीथ्री करतो, दुसरा तीच उलगडून पुन्हा फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजातलं काहीच न गाळणाऱ्या फाइलमध्ये, भरतो आणि 'अस्सल' म्हणून पुढे ढकलतो. हे पकडायला आवाजाचा आलेख काढायचा असतो. स्वस्तातली एमपीथ्री असेल तर सोळा किलोहर्ट्झच्या वर, म्हणजे अगदी तीव्र आवाजांच्या पट्टीत, सगळं काळं, कात्रीने कापल्यासारखं. आता माझ्या वयाच्या कानाला सोळा किलोहर्ट्झ ऐकू येतच नाही. डॉक्टरांनी तपासून तसं सांगितलंय. तरी अशी फाइल मी ताबडतोब उडवतो. एकदा बायकोने पाहिलं, मी पडद्याला नाक लावून बसलोय आणि स्पीकर बंद आहे.

"काय करतोयस?"

"गाणं तपासतोय."

"बघून?"

काही दुःखं समजावून सांगता येत नाहीत.

पण खरी गोची निराळीच होती, आणि ती कळायला मला फार वर्षं लागली. दर्जा वाढवायचा म्हणजे काय वाढतं, हे मी कधी नीट विचारात घेतलंच नव्हतं. त्या १९८१ च्या पत्र्याच्या शेडचं मास्टरवरून थेट उतरवलेलं रूप अखेर हाती आलं. दिवे मालवले, दार लावलं. पाऊस थांबला होता! डिलन दहा फुटांवर उभा राहून गात होता. आणि दोन फुटांवर दोन बायका, लख्ख, एकेक अक्षर कळेल अशा, गाडी कुठे लावलीय यावर बोलत होत्या. इतकी वर्षं त्या तिथेच होत्या. सूंऽऽ आवाजाने माझ्यावर उपकार करून त्यांना झाकून ठेवलं होतं. शेवटच्या गाण्यापर्यंत मलाही त्या गाडीची काळजी लागून राहिली.

तेव्हापासून मी गायकाचा संग्राहक राहिलो नाही. माझ्याकडे शिट्टी मारणारे आहेत, एक मात्रा उशिरा टाळी वाजवणारे आहेत, बरोबरच्या मुलीला प्रत्येक गाण्याचा इतिहास चुकीचा सांगणारा एक विद्वान आहे. खोकलेकाकांनी तर मला एकदा थेट नुकसानीत आणलं. दोन वेगवेगळ्या तारखांची, दोन गावांची म्हणून जपलेली रेकॉर्डिंग्ज होती. एके रात्री दुसरं ऐकताना शेवटचं कडवं आलं आणि एक छोटा, दोन मोठे, खाकरणं. सेकंदाचाही फरक नाही. दोन्ही एकच होती. खोकल्यावरून एक आख्खी कॉन्सर्ट माझ्या यादीतून बाद झाली.

असल्या लेबलांच्या घोळाला परंपरा मात्र थोर आहे. १७ मे १९६६ ला मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये, डिलन लोकगीतं सोडून इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभा राहिला म्हणून एक श्रोता "जुडास!" (येशूचा विश्वासघात करणारा शिष्य) असं ओरडला. ते रेकॉर्डिंग डिलनच्या रेकॉर्ड कंपनीने केलेलं होतं, प्रेक्षकांतलं नव्हे; पण चोरटी कॉपी बाहेर पडली ती लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलच्या नावाने. ते नाव इतकं मुरलं की १९९८ मध्ये कंपनीने ते अधिकृतपणे काढलं तेव्हाही मुखपृष्ठावर चुकीचाच हॉल छापला, फक्त अवतरणचिन्हांत. मला यात वेगळीच गंमत वाटते. डिलनच्या कॉन्सर्टमधला सगळ्यात गाजलेला शब्द डिलनचा नाहीच. तो खुर्चीत बसलेल्या माणसाचा आहे. २०१६ मध्ये त्या १९६६ च्या कार्यक्रमांचा छत्तीस सीडींचा संच निघाला, त्यातल्या काही तर चक्क प्रेक्षकांनी केलेल्या रेकॉर्डिंगच्या आहेत. ज्यांना दारावर अडवायचं, त्यांचाच माल शेवटी खोक्यात घालून विकायचा. चालायचंच.

ग्रेटफुल डेड या बँडने १९८४ मध्ये रेकॉर्डिंग करणाऱ्यांसाठी हॉलमध्ये जागाच राखून दिली होती. डिलनने अशी मेहेरबानी कधी केली नाही. हल्ली त्याच्या कार्यक्रमाला फोनसुद्धा बंद पिशवीत कुलूप लावून हाती देतात. तरी रेकॉर्डिंग होतातच. दोन तास मान न हलवता, टाळी न वाजवता, आवडतं गाणं आलं तरी हूं न करता बसणाऱ्या त्या माणसांपुढे मी मनोमन हात जोडतो. ती समाधीच आहे.

म्हणून लंडनला प्रत्यक्ष कार्यक्रमाचा योग आला तेव्हा मी ठरवूनच गेलो होतो. खोकल्याच्या चार गोळ्या खिशात. वेष्टनं आधीच काढलेली, कारण वेष्टनाची कुरकुर माइकला झांजेसारखी लागते. फोन पिशवीत. आमच्या पुढच्याच रांगेत एक सद्गृहस्थ बसले होते. हॉलमध्ये उकडत असूनही डोक्यावर टोपी, आणि दिवे मालवल्यापासून मान खिळ्याने ठोकल्यासारखी स्थिर. मी ओळखलं. दोन तास मी श्वासही बेताबेताने घेतला. डिलनने काय गायलं ते आठवत नाही, मी टोपी पाहत होतो.

काही महिन्यांनी त्या रात्रीचं रेकॉर्डिंग मिळालं. वंशावळ स्वच्छ, आलेख वरपर्यंत भरलेला, आवाज असा की पियानोच्या पट्ट्या मोजाव्यात. रेकॉर्ड करणाऱ्याने सोबत टीप लिहिली होती: दर्जा उत्तम, फक्त चौथ्या गाण्यात मागच्या रांगेतून कुणीतरी अनोळखी भाषेत बोलल्याचा व्यत्यय आहे, क्षमस्व.

चौथं गाणं लावलं. पियानो सुरू झाला. बायकोचा अगदी पुसट आवाज आला, काहीतरी विचारतेय एवढंच कळावं असा. आणि लगेच डाव्या कानात, तिच्या तिप्पट मोठ्याने, खणखणीत मराठीत:

"शूऽऽऽ! हळू बोल गं! पुढचा माणूस रेकॉर्ड करतोय!"